हरवलेले जग आणि साक्षीचा प्रश्न

काही पुस्तकांचे नावच पुढे एका साहित्यप्रकाराचे नाव होऊन बसते. सर आर्थर कॉनन डॉयल यांची 'द लॉस्ट वर्ल्ड' ही कादंबरी अशांपैकी एक होय. १९१२ साली एप्रिल ते नोव्हेंबर या महिन्यांत ती लंडनच्या 'स्ट्रँड' मासिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली आणि त्याच वर्षी पुस्तकरूपाने वाचकांपुढे आली. तिच्या आधी फ्रेंच लेखक ज्यूल व्हर्न यांनी १८६४ साली पृथ्वीच्या पोटातील प्रवास रंगविला होता. रायडर हॅगर्ड यांनी १८८५ साली आफ्रिकेतील सॉलोमन राजाच्या खाणी वाचकांना दाखविल्या होत्या. परंतु जगाच्या नजरेआड राहिलेल्या भूमीच्या कथांना 'हरवलेले जग' हे नाव मिळाले ते डॉयल यांच्यामुळेच.

मराठी वाचकाला या वाटेची ओळख नवी नाही. भा. रा. भागवत यांनी व्हर्नला मराठीत आणले आणि 'पाताळलोकची अद्भुत यात्रा' वाचत वाढलेली पिढी आज आजी-आजोबांच्या वयाला पोहोचली आहे. डॉयल यांचा शेरलॉक होम्स तर आपल्या घराघरांत पोहोचलेला पाहुणाच. त्या मानाने 'द लॉस्ट वर्ल्ड'कडे आपण मुलांच्या करमणुकीचे पुस्तक म्हणूनच पाहत आलो. लेखकानेही ते कुमारवयीन वाचकांसाठी आणि मनाने कुमार राहिलेल्या प्रौढांसाठीच लिहिले, हे खरे. तरीही हे पुस्तक एक गंभीर प्रश्न पोटात घेऊन आले आहे, आणि कर्जत-खालापूरच्या परिसरात राहणाऱ्यांना तो अधिक जवळचा वाटावा. तो प्रश्न साक्षीचा आहे. कोणाची साक्ष जग मानते, कोणाची मानीत नाही, आणि का?

कथानक थोडक्यात असे. एडवर्ड मेलोन हा लंडनच्या एका वृत्तपत्रातील तरुण आयरिश बातमीदार. त्याची प्रेयसी ग्लॅडिस हिला पराक्रमी पुरुष हवा आहे. पराक्रमाची संधी शोधीत मेलोन प्रोफेसर चॅलेंजर या तापट, बैलासारख्या मानेच्या, अफाट बुद्धीच्या आणि त्याहून अफाट अहंकाराच्या शास्त्रज्ञाकडे जाऊन पोहोचतो. दक्षिण अमेरिकेतील एका उभ्या कड्यांच्या पठारावर प्राचीन काळचे महाकाय सरडे अजून जिवंत आहेत, असा चॅलेंजरचा दावा आहे. पुराव्यादाखल त्याच्यापाशी मेपल व्हाइट नावाच्या मृत अमेरिकन प्रवाशाची चित्रवही, पाण्याने खराब झालेली काही छायाचित्रे आणि पंखाचा एक तुकडा एवढेच आहे. विद्वानांची सभा त्याची हुर्यो उडविते. अखेर दाव्याची शहानिशा करण्यासाठी संशयी प्रोफेसर समरली, शिकारी लॉर्ड जॉन रॉक्स्टन आणि मेलोन निघतात आणि ऐन वाटेत चॅलेंजरही त्यांना येऊन मिळतो. पठारावर चढण्यासाठी त्यांनी झाड पाडून केलेला पूल वैर मनात धरलेला एक नोकर दरीत लोटून देतो आणि चौघे वर अडकतात. पुढे सरडे, वानरमानव, लढाई, सुटका आणि लंडनला परत येणे.

कथा मेलोनच्या पत्रांतून सांगितली आहे, आणि या युक्तीचा लाभ मोठा आहे. पत्र लिहिताना उद्या काय होणार हे लिहिणाऱ्यालाही ठाऊक नसते, त्यामुळे वाचकाचा श्वास अडकून राहतो. भीतीच्या प्रसंगांना विनोदाची जोड आहे. मृत्यू समोर उभा असतानाही चॅलेंजर आणि समरली एखाद्या प्राण्याच्या वर्गीकरणावरून कडाडून भांडतात, आणि त्या भांडणातूनच त्यांचा परस्परांविषयीचा आदर वाढत जातो. शेवटी मेलोन विजयी होऊन परततो तो ग्लॅडिसने एका साध्या कारकुनाशी लग्न केलेले पाहायला! पराक्रमाच्या पोकळ कल्पनेची इतकी हसरी थट्टा साहसकथेत क्वचितच आढळते.

या साऱ्या गमतीच्या तळाशी साक्षीचा प्रश्न सतत वाहत असतो. चॅलेंजरचा एकट्याचा शब्द सभेला पुरत नाही. छायाचित्र पुरत नाही, पंख पुरत नाही. चौघे परत येऊन एकमुखाने सांगतात तेव्हाही एक विद्वान उठून बजावतो की, आजकाल छायाचित्रे हवी तशी बनविता येतात. शेवटी चॅलेंजर पेटी उघडतो, आणि सभागृहात जिवंत पंखसरडा उडू लागतो तेव्हाच लंडनची खात्री पटते. तो प्राणी खिडकीतून निसटून रात्रीच्या आकाशात जातो. त्याच रात्री पहाऱ्यावरचा एक साधा शिपाई त्याला चंद्रापुढून जाताना पाहतो, सैतानच दिसला असे समजून बंदूक टाकून पळतो, आणि त्याच्यावर लष्करी खटला भरला जातो. न्यायालय त्याचे म्हणणे मान्य करीत नाही. लेखकाने हा प्रसंग दोन-चार ओळींत, हसतहसत सांगितला आहे. पण विचार केला तर कादंबरीचे सारे मर्म त्यात आहे. प्रोफेसराने पाहिले तर तो शोध ठरतो, शिपायाने पाहिले तर तो गुन्हा.

आणि त्या पठाराच्या पायथ्याशी पिढ्यान्‌पिढ्या राहणारे आदिवासी? त्यांना त्या दिशेला काही भयंकर आहे हे आधीपासून ठाऊक असते. ते त्याला वनातील भुताचे नाव देतात आणि तिकडे फिरकत नाहीत. चॅलेंजर इतका हुशार की त्यांच्या भीतीवरूनच तो आपली दिशा ठरवितो, आणि भेटवस्तू व धमक्या यांच्या बळावर त्यांच्यातील दोघांना वाटाडे म्हणून नेतो. मात्र लंडनच्या सभेत साक्षीदार म्हणून त्यांचे नाव कोणी घेत नाही. पठारावरही माणसांची एक जमात राहत असते. या चार पाहुण्यांनी आपल्याजवळच राहावे असे तिला वाटते, म्हणून ती त्यांना उतरण्याची वाट सांगत नाही. अखेर जमातीच्या तरुण नायकाला त्यांची दया येते. तो झाडाच्या सालीवर काढलेली काही रेघांची खूण गुपचूप त्यांच्या हाती देतो. ती गुहांची आकृती असते, आणि तिच्याच आधाराने चौघे सुटतात. म्हणजे ज्या जगाला हे लोक हरवलेले म्हणतात, त्याचा नकाशा तेथील माणसांजवळ होताच. ते जग हरवले होते ते लंडनच्या दृष्टीने.

हे समजण्यासाठी आपल्याला दक्षिण अमेरिकेपर्यंत जावे लागत नाही. साजगावच्या माळावर उभे राहून पूर्वेकडे पाहिले की बोरघाटाची उभी भिंत दिसते, आणि उत्तरेच्या अंगाला माथेरानचा डोंगर. चारी बाजूंनी कडे आणि माथ्यावर दाट रान, असे हे पठार डॉयल यांनी पाहिले असते तर त्यांना आपल्या कादंबरीचीच आठवण झाली असती. माथेरानचा 'शोध' मे १८५० मध्ये ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी लावला, असे सर्वत्र छापलेले असते. मॅलेट यांचा मुक्काम तेव्हा खालापूर भागातील चौक या गावी होता, आणि तेथून ते डोंगर चढून गेले. परंतु ज्या डोंगराला आधीच मराठी नाव होते आणि ज्याच्या अंगाखांद्यावर ठाकूर, कातकरी आणि धनगर वावरत होते, तो हरवला होता कोणाला? मॅलेट यांचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. मुंबईच्या उकाड्याने त्रासलेल्यांना त्यांच्यामुळे थंड हवेचे ठिकाण मिळाले, आणि १९०७ साली नेरळहून छोटी आगगाडीही वर पोहोचली. पण पहिल्या पायवाटा ज्यांच्या अनवाणी पायांनी पडल्या, त्यांची नावे कोणत्याही दप्तरात नाहीत.

बोरघाटात शिंगरोबाचे देऊळ आहे. घाटातून वाट कशी काढावी हे इंग्रजांना उमगेना, तेव्हा शिंगरोबा नावाच्या धनगराने आपल्या गुरांच्या वाटेवरून ती दाखविली, आणि बक्षिसाऐवजी त्याला प्राण गमवावे लागले, अशी कथा या भागात सांगितली जाते. घाटातून जाणारे वाहनचालक आजही तेथे नाणे वाहतात. ही लोककथा आहे. तिच्यासाठी कागदाचा पुरावा मागता येणार नाही. परंतु १८६३ साली घाटातील लोहमार्ग खुला झाला, त्याचे श्रेय इतिहासाने अभियंत्यांना दिले, आणि लोकांच्या आठवणीने मात्र एका धनगराला देऊळ दिले, ही गोष्ट बोलकी आहे. डॉयल यांच्या कादंबरीतील सालीवरचा नकाशा काढणारा हात आणि शिंगरोबाचा हात यांत फारसे अंतर नाही.

येथे भूशास्त्राचा एक मुद्दा सांगितला पाहिजे. कादंबरीत चॅलेंजर समजावतो की, ज्वालामुखीच्या उद्रेकाने भूमीचा एक मोठा तुकडा जसाच्या तसा वर उचलला गेला, सभोवती काळ्या बेसॉल्ट खडकाचे कडे तयार झाले आणि वरचे प्राणी बाहेरच्या जगापासून तुटून टिकून राहिले. आपला सह्याद्रीही बेसॉल्टचाच आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहिलेल्या लाव्ह्याच्या थरांवर थर साचून तो बनला. नेमक्या त्याच सुमारास पृथ्वीवरून डायनोसॉर नाहीसे झाले. त्याला आकाशातून आदळलेला अशनी किती कारण आणि आपल्या दख्खनचा लाव्हा किती, यावर शास्त्रज्ञांत अद्याप वाद आहे. चंद्रपूर जिल्ह्यातील पिसदुरा येथे त्या प्राण्यांची हाडे सापडली आहेत, तीही दगड होऊन. म्हणजे कादंबरीत ज्या खडकाने प्राण्यांना वाचविले, तो प्रत्यक्षात त्यांच्या अंताच्या काळाचा साक्षीदार आहे. प्राण्यांचे ते जग खरोखरच हरवले. माणसांचे जग मात्र हरवत नाही. त्याच्याकडे दुर्लक्ष केले जाते.

त्या दुर्लक्षाची किंमत आपल्या तालुक्याने मोजली आहे. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळगडाच्या पोटाशी असलेल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. वाडीला मोटारीचा रस्ता नव्हता. बचाव करणाऱ्यांना भर पावसात, अंधारात डोंगर चढून जावे लागले. २७ मृतदेह हाती लागले आणि ५७ माणसे बेपत्ता राहिली. दरडीचा धोका असलेल्या गावांच्या सरकारी यादीत ही वाडी नव्हती. ती ठाकरांची वाडी हमरस्त्यावरून दिसणाऱ्या डोंगरावर होती, रोज तेथून माणसे खाली बाजाराला उतरत होती. पण यादीच्या दृष्टीने ती जणू हरवलेल्या जगातच होती.

आता कादंबरीतील सर्वांत अवघड भागाकडे वळले पाहिजे. पठारावर वानरमानवांची टोळी असते. ती क्रूर आहे, कैद्यांना कड्यावरून फेकून देते. आपल्या नायकांच्या बंदुका माणसांच्या बाजूने उभ्या राहतात आणि वानरमानवांचा संपूर्ण पाडाव होतो. नर मारले जातात, माद्या आणि पिले गुलाम केली जातात. चॅलेंजरला हा मानवजातीचा विजय वाटतो आणि तो हर्षाने फुलून जातो. मेलोनच्या लेखणीला क्षणभर कापरे भरते, शेवट चांगला म्हणून असली साधने चांगली मानायची काय, अशी शंका त्याला चाटून जाते. पण कथा त्या शंकेपाशी थांबत नाही. सोबतच्या काळ्या नोकराचे, झांबोचे, वर्णनही लेखकाने असे केले आहे की त्याच्या निष्ठेचे कौतुक आणि त्याच्या बुद्धीची अवहेलना एकाच वाक्यात यावी. आजच्या वाचकाने ही पाने घाईने उलटू नयेत.

कारण ज्या हाताने हे लिहिले त्याच हाताने तीनच वर्षांपूर्वी, १९०९ साली, 'द क्राइम ऑफ द काँगो' हे पुस्तक लिहिले होते. बेल्जमचा राजा लिओपोल्ड याच्या राजवटीत रबरासाठी काँगोतील माणसांचे जे हाल झाले, त्यांचा पुकारा डॉयल यांनी जगापुढे केला. त्या कामी त्यांचे सहकारी होते रॉजर केसमेंट. कादंबरीतील लॉर्ड रॉक्स्टन, ज्याने पेरूमधील गुलामांच्या व्यापाऱ्यांशी एकट्याने लढा दिला, तो बराचसा केसमेंट यांच्यावरून घडला आहे. आयर्लंडच्या स्वातंत्र्यासाठी झगडलेल्या केसमेंट यांना ३ ऑगस्ट १९१६ रोजी लंडनमध्ये फाशी झाली. मृत्यूपूर्वी त्यांनी कॅथलिक ख्रिस्तसभेत प्रवेश केला होता. राजकीय मते पटत नसतानाही डॉयल यांनी त्यांच्या जीवदानासाठी खटपट केली. काँगोच्या लोकांची साक्ष ऐकणारा हा लेखक कल्पनेच्या पठारावर मात्र एका संपूर्ण जमातीचा नाश उत्साहाने रंगवितो. हा दुटप्पीपणा नव्हे. आपली करुणा आपल्या कल्पनेपर्यंत पोहोचायला किती वेळ लागतो, याचे हे उदाहरण आहे. आणि ते आपल्यालाही लागू आहे.

डॉयल यांच्या श्रद्धेची कथा आपल्या वाचकांना विशेष विचार करायला लावील. २२ मे १८५९ रोजी एडिंबरोमध्ये, आयरिश वंशाच्या कॅथलिक घराण्यात त्यांचा जन्म झाला. त्यांचे चुलते रिचर्ड डॉयल 'पंच' साप्ताहिकाचे नामांकित चित्रकार. त्या पत्राने पोपमहोदयांवर आणि कॅथलिकांवर टीकेची झोड उठविली तेव्हा १८५० साली त्यांनी ती नोकरी सोडली. आर्थर यांचे शिक्षण स्टोनीहर्स्ट येथे आणि नंतर ऑस्ट्रियात येशूसंघीयांच्या शाळांत झाले. ख्रिस्तसभेबाहेरच्या प्रत्येकाला नरक ठरलेलाच आहे, असे एका धर्मगुरूंनी आवेशाने सांगितलेले त्यांनी शाळेतच ऐकले. ते वाक्य त्यांच्या मनात काट्यासारखे रुतले आणि तेथून त्यांची श्रद्धा ढासळू लागली, असे त्यांनी आत्मचरित्रात नमूद केले आहे. पुढे एडिंबरोत वैद्यकी शिकून ते बाहेर पडले, तेव्हा नातेवाइकांच्या शिफारशीने कॅथलिक डॉक्टर म्हणून जम बसविणे सोपे होते. जे आपण मानीत नाही त्याच्या नावावर भाकरी खाणार नाही, म्हणून त्यांनी ती वाट नाकारली. त्यांचा निर्णय आपल्याला पटो वा न पटो, त्यातील प्रामाणिकपणा मान्य केलाच पाहिजे. शिकवण देणाऱ्याचा एक कठोर शब्द कोवळ्या मनाला किती दूर लोटू शकतो, याचीही नोंद आपण घ्यावी.

त्यानंतरचे त्यांचे आयुष्य पुराव्याच्या शोधात गेले. सिद्ध होईल तेवढेच मानीन, हा त्यांचा बाणा होता. शेरलॉक होम्स त्यातूनच जन्मला, आणि चॅलेंजरही. १९१२ साली कादंबरीच्या गमतीखातर त्यांनी खोटी दाढी लावून चॅलेंजरच्या वेशात आपले छायाचित्र काढवून घेतले आणि ते पुस्तकात छापले. छायाचित्र कसे फसवू शकते हे त्यांना असे अनुभवाने ठाऊक होते. पण १९१६ साली त्यांनी मृतात्म्यांशी संवाद शक्य असल्याचा विश्वास जाहीर केला. १९१८ साली मुलगा किंग्जली आणि पुढच्याच वर्षी भाऊ इन्स यांना मृत्यूने नेले. त्या दुःखाच्या काळात, १९२० साली, कॉटिंग्ली या खेड्यातील दोन मुलींनी काढलेली पऱ्यांची छायाचित्रे त्यांच्यापुढे आली आणि त्यांनी ती खरी मानली, 'स्ट्रँड'मध्येच त्यांवर लेख लिहिला. त्या पऱ्या कागदाच्या कापलेल्या होत्या, हे त्या दोघींनी वृद्धापकाळी, १९८३ साली, कबूल केले. १९२६ च्या 'द लँड ऑफ मिस्ट'मध्ये तर डॉयल यांनी चॅलेंजरलाच परलोकविद्येपुढे नमविले. त्या पुस्तकात पूर्वीचा गडगडाट उरला नाही.

याबद्दल डॉयल यांना हसणे सोपे आहे, पण ते योग्य नव्हे. पुत्रशोकाने व्याकूळ झालेल्या बापाला डोळ्यांनी दिसेल असा पुरावा हवा होता. प्रेषित संत थोमा यालाही तो हवा होता, आणि प्रभूने त्याला धिक्कारले नाही. जखमा पुढे केल्या. परंतु त्याच वेळी, न पाहता विश्वास ठेवणाऱ्यांना धन्य म्हटले. विश्वास म्हणजे पुराव्याकडे डोळेझाक नव्हे. ज्याच्यावर विसंबता येते अशा माणसाच्या शब्दाला दिलेला तो मान आहे. दहा प्रेषितांनी सांगितले ते थोमाने ऐकले असते, तर त्याला बोट घालून पाहण्याची गरज भासली नसती. डॉयल यांच्या कादंबरीत आणि आयुष्यात हीच उणीव आहे. पेटीतला सरडा दिसेपर्यंत कोणी कोणाचे ऐकत नाही, आणि ज्यांनी आधीच पाहिले आहे त्यांना कोणी विचारीत नाही.

'द लॉस्ट वर्ल्ड' आपल्या मुलांच्या हाती अवश्य द्यावी. तिची भाषा उत्साही आहे, तिच्यात मैत्री आहे, धाडस आहे आणि मोठ्यांच्या अहंकाराची निर्मळ थट्टा आहे. मात्र वानरमानवांच्या प्रकरणापाशी आईवडिलांनी मुलाबरोबर बसावे आणि विचारावे, हा विजय तुला कसा वाटला? सालीवरचा नकाशा कोणी काढला, हेही विचारावे. आणि सुट्टीत माथेरान पाहायला जाल तेव्हा डोंगर कोणी शोधला याच्या पाटीबरोबरच, लाकडाची मोळी घेऊन उतरणाऱ्या ठाकरणीशीही दोन शब्द बोलावे. त्या डोंगराविषयी तिला बरेच ठाऊक असते. तिला विचारण्याची सवय आपल्या मुलांना लागली, तर या जुन्या कादंबरीचे वाचन सार्थकी लागले असे म्हणता येईल.